तानीबाईंनी जप्त केलेला शिक्का

तानीबाई कोवे यांना मी अध्यक्ष केलं, ते एक रकाना रिकामा राहिला होता म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. कागदावर बाईचं नाव हवं होतं, डाक घेऊन जाणारी दुपारची एसटी सुटायला वीस मिनिटं उरली होती, आणि मान वर केल्यावर खिडकीतून जी पहिली बाई दिसली ती झारीनं रोपांना पाणी घालत होती. नोकरीत मी चुका भरपूर केल्या. एकदा एका साहेबांना बदलीचा हुकूम यायच्या आधीच मी त्यांच्या निरोप-समारंभाची वर्गणी गोळा केली होती, आणि वर्गणी नेमकी त्यांच्याकडेच मागायला गेलो होतो. पण त्या सगळ्या चुका माझ्या मलाच भोवल्या. ही एक मात्र दुसऱ्यांच्या कामी आली.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी संगीताचा फोन आला. संगीता म्हणजे तानीबाईंच्या शेजारची मुलगी, आता चांगली तिशीला आलेली. "बाबूजी, मावशी गेली," एवढंच म्हणाली. कशानं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मलेरिया. डोक्यात गेला. चंद्रपूरले नेता नेता..." खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही. आधी दोन गोष्टी आठवल्या. एक तर मलेरिया या आजाराशी माझं आणि तानीबाईंचं एक लाजिरवाणं प्रकरण होतं. दुसरं म्हणजे मी त्यांना एक खोटं सांगितलं होतं. दर दिवाळीला ठरवत असे की यंदा त्यांच्या दारात जाऊन कबूल करून टाकायचं, आणि दर दिवाळीला माझे गुडघे दुखत असत. आता कबूल करायचं तर कोणाकडे?

गोष्ट पोंभुर्ण्यापासून सायकलनं पाऊण तासावर, जंगलाला लागून असलेल्या एका सरकारी नर्सरीतली. खात्याचं नाव सांगत नाही. झाडं लावणारी खाती बरीच आहेत आणि माझी पेन्शन एकच आहे. सागाची, बांबूची, आवळ्याची रोपं. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माती न् खत भरण्याचं काम तीसेक बाया करत, सगळ्या रोजंदारीवर. बांधलेल्या दोनच खोल्या: एकीत साहेब आणि मी, दुसरीत खताची पोती. मधे मोहाचं झाड. तानीबाई तेव्हा पन्नाशीच्या. काटक, कपाळावर गोंदण, माहेर वैनगंगेपलीकडचं, गडचिरोलीच्या आतल्या जंगलातलं. रोपं खायला येणाऱ्या माकडांना त्या नावं घेऊन शिव्या देत, आणि ती नावं आमच्या साहेबांपासून चंद्रपूरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांची असत. इथे मी त्यांना अहो-जाहो करतोय खरा, पण त्या वेळी अगं-तुगंच करत होतो. ऑफिसात खुर्ची असलेला माणूस खुर्ची नसलेल्या बाईला अगं-तुगंच करतो, अशी आमची समजूत.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते परिपत्रक आलं. सायक्लोस्टाइल केलेलं, शाई फुटलेलं. जिथे जिथे बाया काम करतात त्या प्रत्येक ऑफिसात त्यांच्या तक्रारी ऐकायला समिती हवी. अध्यक्ष बाईच हवी. निम्म्या तरी बायाच हव्यात. आणि एक माणूस ऑफिसबाहेरचं हवं. नावं आजच्या टपालानं कळवा. साहेब वैतागले. म्हणाले, "एवढ्या बाया आणायच्या कुठून?" मी म्हटलं, "साहेब, बाहेर तीस आहेत." ते म्हणाले, "अरे, त्या मजूर आहेत." "पण बाया आहेत ना?" मी आपला खोडसाळपणानं म्हणालो. साहेबांनी हात झटकला: "लिही मग कोणाचंही." म्हणून मी तानीबाईंना अध्यक्ष केलं, झाडलोट करणाऱ्या एका बाईंना सदस्य केलं, स्वतःला सचिव केलं, आणि बाहेरचं माणूस म्हणून पोंभुर्ण्याच्या शमीमबींचं नाव लिहिलं. शमीमबी शिवणक्लास चालवत आणि माझ्या शर्टाची तुटलेली बटणं लावून देत. समितीवर त्यांची निवड बटणांच्या ओळखीवर झाली.

आता फक्त तानीबाईंचा अंगठा हवा होता. बाकीच्या बाया शाईचा पॅड दिसला की आपोआप हात पुढे करत. तानीबाई झारी खाली ठेवून आल्या, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "बाबूजी, आंगठा देतो, पन आयकून देतो."

"अगं, काही नाही. तुला अध्यक्ष केलंय."

"मले? काऊन?"

"बाई आहेस म्हणून."

"बाई त मी तवाबी होतो, जवा टाकी फुटली म्हून तुमी मले आठ दिवस घरी बसवलं होतं."

टाकी माकडांनी फोडली होती, हे नंतर सिद्ध झालं होतं. मी घाईघाईनं वाचायला लागलो. त्या दर ओळीला थांबवत. हे काऊन, थे काऊन. रस्त्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग गाडी गेल्याचाही आवाज आला, आणि माझी घाईही तिच्याबरोबर निघून गेली. म्हणून परिपत्रकाला मागे जोडलेली तीन पानंही मी वाचून दाखवली. त्यांत लिहिलं होतं त्याचा अर्थ मी मला समजला तसा सांगितला: कामावरच्या बाईला कोणी त्रास दिला तर काय करायचं याचा कायदा आपल्या देशात अजून नाही. पण जगातल्या देशांनी एकत्र बसून एक करार केलाय की बाईला बाई म्हणून खाली ढकलायचं नाही. आपल्या देशानंही त्यावर सही केलीय. म्हणून दिल्लीचं सर्वात मोठं कोर्ट म्हणालं की आपला कायदा होईस्तोवर त्या कराराकडे बघून आम्ही नियम घालून देतो, आणि तेच पाळायचे.

तानीबाई खाली बसल्या. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. मग म्हणाल्या, "हे त बारा गावाची बैठक होय, बाबूजी."

"कसली बैठक?"

"आमच्या माहेराकडे असते. गावातले पंच आपल्याच मानसाले झाकत असन, त बाई कुठी जाईन? थे बारा गावाच्या बैठकीत जाते. बारा गावचे मानसं बसते, एका जागी जेवते. जो तिथी जेवला ना, त्याले मंग म्हनता येत नाई का माहं गाव अलग हाय." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आपला देश तिथी जेवला का नाई?"

"जेवला," मी म्हटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी कुठेतरी वाचलं की आपल्या देशानं जेवताना एक-दोन पदार्थ पानाच्या कडेला सारून ठेवले होते. लग्न न् घरच्या चालीरीतींचं जिथे येतं तिथे, ज्या-त्या समाजाच्या संमतीशिवाय आम्ही हात घालणार नाही, असं सांगून ठेवलं होतं. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं ते बरंच झालं. तानीबाईंनी देशाला तसंच पानावर बसवून ठेवलं असतं.

"अन् हे बाहेरची बाई कायले?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"घरातल्या माणसांना घरात बोलायची भीती वाटते, म्हणून असेल."

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि अंगठा उठवून त्यावर फुंकर घातली.

हा किस्सा मी एसटी स्टँडच्या चहावाल्याकडे दोन महिने सांगितला. देश जेवला का, या वाक्यावर हमखास हशा येई. तानीबाईंचं नाव आम्ही 'अध्यक्षीणबाई' ठेवलं. त्यांनी मात्र परिपत्रकाची एक प्रत मागून घेतली, रोपांच्या काळ्या पिशवीत गुंडाळली, आणि दर बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पिशवी मांडीवर घेऊन मोहाखाली वेगळ्या बसू लागल्या. कोणी येत नसे. मी खिडकीतून ओरडायचो, "काय अध्यक्षीणबाई, आज किती केसेस?" त्या तिथूनच म्हणत, "तुमचीच आली हाय एक. आयकू का?"

आता शिक्क्याचं सांगतो. मस्टरवर सही करायची की अंगठा द्यायचा, हे महिन्याच्या सुरुवातीला मीच ठरवत असे. पुरुषांना विचारत असे, "लिहिता येतं का रे?" बायांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाई न् मजूर म्हणजे अंगठा... इतकं सोपं वाटायचं. तीस वेळा तेच तेच लिहायचा कंटाळा म्हणून मी चंद्रपूरहून 'डाव्या हाताचा अंगठा' असा रबरी शिक्का करून आणला होता आणि महिना सुरू झाला की बायांच्या सगळ्या ओळींवर धडाधड मारून मोकळा होत होतो. या शोधाबद्दल साहेबांनी माझं कौतुकही केलं होतं. अंगठे घ्यायचं काम मुकादमाचं. तो ते खताच्या खोलीत घेई, दार लोटून, एकेकीला आत बोलावून. अंगठा घ्यायचा म्हणजे बाईचा हात आपल्या हातात धरावा लागतो. नीट उमटला नाही तर पुन्हा धरावा लागतो. तरण्या पोरींचे अंगठे कधीच पहिल्या वेळी नीट उमटत नसत. हे सगळं माझ्या खुर्चीपासून एका भिंतीच्या पलीकडे चाललं होतं. मी भिंतीच्या अलीकडे बसून शिक्क्याचं रबर घासून स्वच्छ ठेवत होतो.

एका दुपारी संगीता त्या खोलीतून बाहेर आली ती सरळ मोहाखाली गेली. तेव्हा ती एकोणीसची असेल. पदर बाजूला करून दंड दाखवला. दंडावर आणि पोलक्याच्या बाहीवर जांभळ्या शाईची चार बोटं उमटली होती, पाचवं खांद्याच्या मागे. तानीबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "धू नको." एवढंच. मग तशाच माझ्या टेबलापाशी आल्या. "बाबूजी, हे पोट्टी सातवी शिकली हाय. नाव लिवते. तुमच्या कागदावर तिचा आंगठा काऊन?"

मी मस्टर उघडून बघितलं, जसं काही त्यात उत्तर लिहिलेलं असणार होतं. त्यात माझा शिक्का होता.

त्यांनी शमीमबींना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं तानीबाईंचं आणि संगीताचं नाव मस्टरवरून कापलं, आणि साहेबांनी मला आत बोलावलं. "ती समिती फक्त वर पाठवायला केली होती, प्रत्यक्षात अस्तित्वात नाही, असं सचिव म्हणून लिहून दे. उद्यापर्यंत." लिहून दिलं तर समिती गेली, संगीता गेली, तानीबाई गेल्या. नाही दिलं तर मी गेलो. घरी दोन मुलींची कॉलेजं, आणि माझा कणा म्हणाल तर तो तसाही रबराचाच. रात्रभर विचार करून मी एक धाडसी निर्णय घेतला. मला मलेरिया झाला, असं कळवून टाकलं. आमच्या भागात या आजाराचा पुरावा कोणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन चादरी पांघरून घामाघूम होऊन पडलो होतो, तर दारात तानीबाई. "जोहार, बाबूजी." हातात पितळी लोटा. सकाळी जंगलात जाऊन भुईनीम आणला होता, उकळून अर्धा केला होता. जगात याहून कडू काही असेल तर मी ते चाखलेलं नाही. बायको कौतुकानं बघत उभी. मी लोटाभर प्यायलो. न पिऊन सांगणार काय? प्याल्यावर तानीबाईंनी माझ्या मनगटाला हात लावला आणि बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "ताप नाई तुमाले. भेव हाय." मी डोळे मिटून घेतले. त्या उठता उठता म्हणाल्या, "मलेबी हाय. पोट्टीनं दोन दिसापासून तो हात पान्याले लावला नाई, भाकर एका हातानं खाऊन राह्यली. परवा बैठक हाय. तुमी लिवायले या, नाईतर मी सगळं ध्यानात ठेवीन."

ते 'ध्यानात ठेवीन' मला काढ्यापेक्षा जास्त लागलं. मी गेलो.

बैठक मोहाखाली झाली. शमीमबी पोंभुर्ण्याहून आल्या होत्या, डोक्यावर ओढणी, हातात कापडाची पिशवी न् त्यात मोजपट्टी. अध्यक्षीणबाईंचा पहिला हुकूम: खुर्ची आणायची नाही, सगळे खाली बसा. मुकादमही खाली बसला. साहेब खिडकीत उभे. शमीमबींनी संगीताच्या बाहीवरची बोटं मोजपट्टीनं मोजली, मग मुकादमाला म्हणाल्या, "जरा हात दाखवा, भाऊ." मोजायची वेळच आली नाही. त्याची पाचही बोटं अजून जांभळीच होती.

"शाईच हाय ना. मस्टरची," तो म्हणाला.

"आंगठा हाताचा घेतेत का दंडाचा?" तानीबाईंनी विचारलं.

"पोट्टी हात वढत होती."

"काऊन वढत होती?"

तो एकदम म्हणाला, "आंगठा मी ठरवला का? ऑफिसातून शिक्का मारून येते. इचारा बाबूजीले."

तीस बायांनी माझ्याकडे बघितलं. खिडकीतून साहेबांनीही बघितलं. त्यांची नजर सांगत होती, आता तरी नीट बोल. माझ्या जिभेवर अजून भुईनिमाची चव होती. तानीबाई शांतपणे म्हणाल्या, "शिक्का कोनाचा हाय, बाबूजी?"

"माझा," मी म्हणालो. "मीच मारतो. कोणाला विचारून मारत नाही."

"लिवा मंग थे बी."

मी लिहिलं. स्वतःविरुद्धचा जबाब स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात लिहिणारा मी जिल्ह्यातला पहिलाच कारकून असेन. मग तानीबाईंनी संगीताच्या हातात एक काडी दिली आणि समोरच्या भिजल्या मातीकडे बोट दाखवलं. संगीतानं तिथे आपलं नाव लिहिलं. काडी शेजारणीकडे गेली, तिच्याकडून पुढे. काही लाजल्या, काहींनी नुसतीच हातात धरून पुढे दिली. पण बऱ्याच जणींनी लिहिलं, वाकडंतिकडं, एकीनं तर सासरचं न् माहेरचं दोन्ही. मला वाटायचं मी या बायांना ओळखतो... शेवटी तानीबाई म्हणाल्या, "शिक्का समितीजवळ जमा करा." मी तो टेबलावरून आणून दिला. त्यांनी तो काळ्या पिशवीत टाकला आणि वरून गाठ मारली.

अहवाल ऑफिसच्या टपालातून पाठवायला मी निघालो, तर शमीमबींनी हातातून काढून घेतला. "रहने दो भाऊ. मी बाहेरची हाय, माझं मस्टर कोण कापते?" त्यांनी तो पोंभुर्ण्याहून रजिस्टर केला, पावती ब्लाउजात ठेवली. त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते विचारू नका. डाक आली की मी ती सगळ्यात शेवटी फोडत असे. अखेर हुकूम आला: संगीता पुन्हा कामावर, सही करून. मुकादमाची बदली पार आंध्राच्या हद्दीवर, सिरोंच्याकडच्या एका नर्सरीत. शिक्षा म्हणून माणसाला तिकडे पाठवायची जुनी पद्धत आहे. तिकडच्या लोकांनी काय गुन्हा केलेला असतो, हे कोणी विचारत नाही. तानीबाईंबद्दल हुकुमात काही नव्हतं. साहेब म्हणाले, "यंदा काम कमी आहे." तो अख्खा पावसाळा त्यांना कामावर बोलावलं नाही. मी काही बोललो नाही. माझं बोलणं त्या एका दिवसात संपलं होतं.

त्या तरीही दर बाजाराच्या दिवशी येऊन मोहाखाली बसत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आंगठा अध्यक्षाचा देला हाय, पानी टाकनारीचा नाई." अशाच एका दिवशी त्या खिडकीपाशी आल्या. चेहरा काळवंडलेला. "बाबूजी, तो मानूस तिथीबी आंगठेच घेत असन ना?"

"असेल."

"अन् तिथीबी पोट्ट्या असतीन."

"असतील."

"त्याहिले कोन सांगन?" मग त्याच म्हणाल्या, "सारा कागद उतरून तिथल्या समितीले धाडा. बारा गावात ठरलं अन् पुढच्या गावाले मालूमच नाई, असं कसं चालन? मले झोप लागून नाई राह्यली."

मी त्याच दिवशी नक्कल केली. अहवाल, परिपत्रक, मागची तीन पानं. पाकीट केलं, पत्ताही घातला. पण जावक नंबर टाकायचा तर रजिस्टर साहेबांसमोर जाणार. खाजगी पाठवायचं तर अक्षर माझं. मी ते पाकीट खणात ठेवलं, म्हटलं, जरा धुरळा खाली बसू दे. पुढच्या बाजाराला त्यांनी विचारलं, "पोचला का?" मी म्हटलं, वेळ लागतो. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा, "पोचला का?" सिरोंचा लांब आहे, पावसात रस्ता बंद असतो, मी म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच म्हणून टाकलं, "पोचला."

तानीबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी माझी राजुऱ्याला बदली झाली, मग निवृत्ती. त्या पाकिटाला मी ना टाकून दिलं, ना पाठवलं. घर बदललं की तेही ट्रंकेतून बदलत गेलं. देशात कामावरच्या बायांसाठी तो कायदा व्हायचा तो आज, २००७ सालीही, व्हायचाच आहे. अजून त्या करारावरच्या सहीच्या भरवशावरच सगळं चाललंय. पेपरात त्याविषयी काही आलं की मी पान उलटतो, कारण प्रत्येक वेळी मला सिरोंच्याची एक खताची खोली दिसते, लोटलेलं दार, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या, नावंही ठाऊक नसलेल्या पोरी. सगळ्या जगाचा करार त्यांच्याकडे निघाला होता, आणि माझ्या खणातच अडला होता.

फोन आल्यावर आठव्या दिवशी मी ते पाकीट घेऊन तानीबाईंच्या घरी गेलो. कवेलूचं छप्पर, सारवलेली ओसरी, कोपऱ्यात नर्सरीची जुनी झारी. संगीता तिथेच होती. नर्सरीतली हजेरी आता तीच घेते. मोहाखाली, उघड्यावर, सह्या घेते. ज्यांना येत नाही त्यांना आधी नाव गिरवायला लावते आणि मग जेवायला सोडते, असं ऐकलं. तिनं छपराच्या बांबूत खोचलेली काळी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत परिपत्रक होतं, घड्यांवर फाटलेलं. आणि माझा शिक्का. त्याचं रबर दगडावर घासून घासून कोणीतरी सपाट केलं होतं. एक अक्षर उरलं नव्हतं. लाकडी मूठ तेवढी गुळगुळीत, पुष्कळ हातांतून गेल्यासारखी.

मी पाकीट बाहेर काढलं आणि सगळं सांगून टाकलं. संगीतानं ऐकून घेतलं. पाकिटावरचा पत्ता वाचला. मग म्हणाली, "आमी जाऊन आलो न तिथी."

"कुठे?"

"सिरोंच्याले. मावशी अन् मी. त्याच पावसाळ्यात. आलापल्लीच्या पुढं गाडी बंद पडली, मंग टरकात बसून गेलो. तिथल्या बाया तेलगू बोलते, मावशीले तेलगू येत नाई, त्याहिले मराठी येत नाई. मुकादम पाहूनच पांढरा झाला. मावशीनं कोनाले काई सांगितलं नाई. शिक्का हाती देला एकेकीच्या, मंग माह्या दंडाले हात लावला, मंग मले काडी देली. मी मातीत नाव लिवलं. मंग काडी त्याहिले देली." तिनं सारवलेल्या ओसरीवर बोट फिरवलं. "त्याहिनं लिवलं, बाबूजी. गोल गोल अक्षरं. आमाले एक वाचता नाई आलं. पन नावंच होते ते. मावशी म्हने, कळले मले. येतानी गाडीत झोपली ते आलापल्ली येवस्तोवर उठली नाई."

मी पाकीट त्या काळ्या पिशवीत ठेवायला गेलो, ते तिनं हळूच बाजूला सारलं. आठ-नऊ वर्षं मी ज्या भीतीनं त्यांच्या दारात आलो नव्हतो, ती भीती त्यांनी तेव्हाच निकालात काढली होती, मला न कळवता. तरी एक विचारल्याशिवाय राहवेना. "पण मी तर 'पोचला' म्हणालो होतो. त्यांना कळलं कसं?"

संगीता पिशवीची गाठ मारत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच सांजेले मावशी घरी आली न. म्हने, 'बाबूजीले जसा मलेरिया झाला होता, तसाच कागदबी पोचला असन. चाल पोरी, पिशवी घे.'"